थेंबाचा माग

पॉवर स्टेअरिंग गळायला लागलं म्हणून गाडीवाला लगेच गॅरेजला येत नाही. ब्रेक लागेनासा झाला तर तो त्याच दिवशी येतो. इंजिन गरम होऊ लागलं तर वाटेतूनच फोन करतो. स्टेअरिंगच्या तेलाचं तसं नसतं. टाकीतलं तेल कमी झालं की वरून घालायचं, स्टेअरिंग पुन्हा हलकं होतं आणि गाडी धंद्याला लागते. मग सीटखाली तेलाची एक बाटली कायमची मुक्कामाला येते. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज सकाळी गाडी काढण्याआधी टोपण उघडायचं. एवढं झाल्यावर माणूस आमच्या दारात येतो, आणि तोवर एका रबरी सीलचं काम चार ठिकाणचं होऊन बसलेलं असतं.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरला लागून आहे. इथं गॅरेज चालवण्याचं सुख असं की लागेल ते हाकेच्या अंतरावर मिळतं. लेथवाला, ग्राइंडिंगवाला, होजपाइपला टोकं दाबून देणारा, सीलं-बेअरिंगांचं दुकान, सगळे चालत जाण्यासारखे. माझ्याकडं नव्या कोऱ्या गाड्या फारशा येत नाहीत. येतात ते गुळाचे, दुधाचे, भाजीचे टेम्पो, वडापच्या जीपा, शाळेच्या जुन्या बसगाड्या. मालकाचं घर या गाड्यांवर चालतं. अशा गाड्यांच्या स्टेअरिंगवर काम करता करता एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. गळती थांबवायला फारशी अक्कल लागत नाही. गळती का लागली हे शोधायला ती लागते, आणि ते न शोधता केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगतो. इंजिनावर एक पंप असतो, कुठं बेल्टवर, कुठं थेट गिअरवर. तो टाकीतून तेल ओढतो आणि जाड होजमधून स्टेअरिंग बॉक्सकडं ढकलतो. टेम्पो-ट्रकच्या बॉक्समध्ये स्टेअरिंग कॉलमला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो आणि व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक टॉर्शन बार. ड्रायव्हरनं स्टेअरिंग वळवलं की हा बार किंचित पिळतो, व्हॉल्व्हचे मार्ग सरकतात आणि तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं. पिस्टन सरकला की त्याच्यावरचे दाते एका आडव्या शाफ्टला फिरवतात. या शाफ्टला सेक्टर शाफ्ट म्हणतात. त्याच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म, ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक, आणि तिथून चाकं. स्टेअरिंग सरळ असताना तेल नुसतं फिरून टाकीत परत येतं. पूर्ण वळवून धरलं की दाब शंभर बारच्या घरात जातो. ट्रकच्या टायरमध्ये हवा सात-आठ बार असते, त्यावरून अंदाज यावा. एवढा दाब आत अडवून धरायचं काम करतात ती थोडीशी रबराची सीलं आणि ओ-रिंगा.

ही कल्पना मुळात ट्रकच्या दुनियेतूनच आली. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. नोकरी सोडून तो याच कामाच्या मागं लागला आणि १९२६ साली त्यानं तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. विकत मिळणाऱ्या कारमध्ये ते यायला १९५१ साल उजाडलं. ती गाडी क्रायस्लर इम्पीरिअल. आपल्याकडं टेम्पो-ट्रकवर ते रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुकला स्टेअरिंग गिअर बनवणारा कारखाना ऐंशीच्या दशकात आला. माझ्या वस्तादांच्या तरुणपणी ट्रक ड्रायव्हर ओळखायचा तो दंडावरून आणि खांद्यावरून. घाटातलं एक वळण घेताना माणूस सीटवरून उठून स्टेअरिंगला लोंबकळायचा. चाळिशीत अशा ड्रायव्हरांचे खांदे जायचे. म्हणून पॉवर स्टेअरिंगकडं मी चैन म्हणून पाहत नाही. त्यानं हजारो ड्रायव्हरांचं आयुष्य सोपं केलं आहे, आणि जे यंत्र माणसाचे कष्ट एवढे वाचवतं त्याची निगा नीट राखली पाहिजे असं मला वाटतं.

आता एका गाडीची हकिगत सांगतो. ती सांगितली की बाकीच्या दहांची वेगळी सांगावी लागत नाही.

गगनबावड्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरचं दूध गोळा करून कोल्हापुरात आणणारे एक मामा आहेत. गाडी टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं आणि आजही आमच्या भागात त्याच्यावर लोकांचा जीव आहे. मामांची गाडी त्यातली मागाहूनची, पॉवर स्टेअरिंगवाली, पण तीही आता म्हातारीच. सगळे कॅन भरले की गाडी पाच टनांच्या पुढं जाते. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस झेलणारा तालुका. लाल माती, चिखल, वळणं, आणि पहाटेचं धुकं. अशा रस्त्यावर स्टेअरिंगचा भरवसा किती लागतो हे वेगळं सांगायला नको.

मामा आले ते ठरवूनच आले होते. "मेस्त्री, तेल घालून घालून कटाळलो बघा. पंप गेलाय म्हनत्यात. नवा पंप टाका आन मोकळं करा."

पंप आवाज करत होता हे खरं. स्टेअरिंग वळवलं की घुंईऽऽ असा सूर निघायचा. पण मी टाकीचं टोपण काढून आत बॅटरी मारली तर तेलावर फेस होता आणि पातळी खालच्या खुणेच्याही खाली. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा मिसळली की फेस होतो, आणि फेसावर चालणारा पंप असाच रडतो. एवढ्यावरून पंप गेला असं म्हणता येत नाही. शिवाय तेल बोटावर घेतलं तर त्याचा लाल रंग गेलेला, काळपट झालेलं आणि जळका वास येणारं. स्टेअरिंगला लागतं ते एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, ताजं असताना लालभडक असतं. मामांना विचारलं, "मामा, काय काय घातलंय ह्यात?" ते म्हणाले, "जे हाताला घावंल ते. कवा लाल, कवा इंजिनचं." ब्रेक ऑइल कधी घातलं नव्हतं, हे नशीब. ते जातीनंच वेगळं असतं. स्टेअरिंगच्या सीलचं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं, आणि मग बॉक्स, पंप, होज सगळंच उघडावं लागतं.

गाडी पिटवर घेतली. खालून बघितलं तर ड्रॉप आर्म, अ‍ॅक्सल, पाटे, चॅसीची पट्टी, सगळं तेलानं आणि त्यावर बसलेल्या लाल मातीनं माखलेलं. इथं नवा मेकॅनिक फसतो. जिथं थेंब लोंबतोय तिथलं सील बदलायला घेतो. कौलारू घरात कौल फुटतं एकीकडं आणि पाणी वाशावरून वाहत जाऊन टपकतं भलतीकडं, तसंच तेलाचं असतं. ते होजवरून ओघळतं, बोल्टाच्या डोक्यावर थांबतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागं फेकलं जातं. त्यामुळं माग काढायचा तो उलटा काढायचा: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा कुठली?

ती दिसण्यासाठी आधी सगळं स्वच्छ करावं लागतं. डिझेल आणि ब्रश घेऊन बॉक्स, होज, पंप, टाकीच्या खालची बाजू घासली. मग साबणाचं पाणी मारलं आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडं केलं. गिऱ्हाइकाला हे काम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. "मेस्त्री, गाडी धुवायला आन्ली न्हाई," मामा बोललेच. पण मला विचाराल तर निम्मी दुरुस्ती या धुण्यातच होते. घाणीखाली काय आहे ते न पाहता हात घालणं मला जमत नाही.

कोरडं झाल्यावर संशयाच्या जागांवर पांढरी पावडर मारली, साधी अंगाला लावायची. टाकीत बरोबर तेल खुणेपर्यंत भरलं. गॅरेजातल्या एका पोराला स्टेअरिंगवर बसवलं, इंजिन मंद चालू ठेवलं, आणि मी खाली बॅटरी घेऊन उभा राहिलो. "डावीकडं घे. टोकाला नेऊन एक-दोन सेकंद धर. सोड. आता उजवीकडं." टोकाला जास्त वेळ धरायचं नाही, कारण तिथं दाब सगळ्यात जास्त असतो आणि तेल झटकन तापतं. आणि एक गोष्ट माझ्या गॅरेजमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशीच सांगतो: इंजिन चालू असताना दाबाच्या होजवर हात फिरवून गळती शोधायची नाही. केसाएवढ्या भोकातून एवढ्या दाबानं निघणारी तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरायचा. धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते.

पावडरीनं थोड्याच वेळात सगळं सांगितलं. परतीच्या होजच्या जागी कुणीतरी डिझेलच्या पाइपचा तुकडा जोडला होता. त्याच्या क्लॅम्पखाली ओल आली. दाबाचा होज चॅसीच्या ब्रॅकेटला घासत होता. वरचं रबर जाऊन आतली तारेची जाळी दिसायला लागली होती आणि दाबलेल्या टोकाशी पावडर ओली झाली. आणि बॉक्सच्या खाली, जिथून सेक्टर शाफ्ट बाहेर येतो तिथं, स्टेअरिंग एका बाजूला नेलं की थेंब धरायचा, दुसऱ्या बाजूला नेलं की थांबायचा. अशा बऱ्याच बॉक्समध्ये शाफ्टच्या भोवतीची जागा पिस्टनच्या एकाच बाजूच्या दाबाला जोडलेली असते, म्हणून थेंब एकाच वळणावर येतो. ही खूण मिळाली की शाफ्टचं सील गेलं याबद्दल शंका उरत नाही.

पंप मात्र ठणठणीत कोरडा होता. इंजिन ऑइलची पातळीही तपासली. काही गाड्यांत पंप थेट इंजिनाच्या गिअरवर बसतो, आणि त्याचं शाफ्टचं सील गेलं तर बाहेर एक थेंबही न पडता स्टेअरिंगचं तेल इंजिनात उतरतं. टाकी रिकामी होत जाते आणि मालक गाडीखाली डाग शोधत बसतो. मामांच्या गाडीत तसं काही नव्हतं. पंप बदलायची गरजच नव्हती. त्यांचा सगळ्यात मोठा खर्च त्या धुण्यानं वाचवला.

आता ड्रॉप आर्म काढायचा होता. काढण्याआधी आर्मवर आणि शाफ्टवर एका रेषेत खूण केली, कारण आर्म एक दाता जरी इकडं-तिकडं बसला तरी स्टेअरिंगचं सेंटर हुकतं. तो शाफ्टवर वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो. हातोडा मारायचा मोह इथं फार होतो, पण तो मार सरळ आतल्या बेअरिंगवर आणि दात्यांवर जातो. पुलर लावायचा, ताण द्यायचा, थोडं थांबायचं, पुन्हा ताण द्यायचा. आर्म सुटताना मोठा आवाज करतो.

आर्म निघाल्यावर खरं दुखणं दिसलं. शाफ्टच्या तोंडावरचं धूळ अडवणारं रबर फाटून गेलेलं होतं. त्यातून चिखलाचं पाणी सीलपर्यंत पोहोचलं होतं. सीलची ओठासारखी कड जिथं शाफ्टवर टेकते तिथं गंजाची एक अंगठी तयार झाली होती आणि त्या अंगठीत झिजून घळ पडली होती. नख फिरवलं की अडकत होतं. शाफ्ट हातानं हलवला तर बाजूला खेळत होता, म्हणजे आतलं निडल बेअरिंगही गेलं होतं. साखळी अशी होती: आधी धुळीचं रबर फाटलं, मग पाणी शिरलं, मग शाफ्ट गंजला आणि बेअरिंग झिजलं, शाफ्ट डोलायला लागला, आणि डोलणाऱ्या शाफ्टवर टिकेल असं सील कुणी बनवत नाही. तेल गळणं हे या साखळीचं शेवटचं टोक होतं. नुसतं सील बदलून गाडी सोडली असती तर जमीन काही दिवस कोरडी राहिली असती, एवढंच.

मामांना हे पटवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. "एवढं सील टाका आन सोडा की. सकाळी दूध थांबत न्हाई." त्यांचंही बरोबर होतं. म्हशी वाट बघत नाहीत आणि दूधही नाही. मी त्यांना पिटमध्ये उतरवलं, बॅटरी धरली आणि म्हटलं, "मामा, हितं नख लावून बघा." त्यांनी लावलं. शाफ्ट धरून हलवून बघितला. काही वेळ बोलले नाहीत. मग भाच्याला फोन लावून त्याची पिकअप दुसऱ्या दिवसासाठी ठरवली. माझा अनुभव असा आहे की गिऱ्हाइकाला भाषण देऊन काही होत नाही. त्याला दुखणं डोळ्यांनी दाखवलं, हातानं चाचपायला दिलं, की तो स्वतःच निर्णय घेतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

बॉक्स खाली घेतला. स्टेअरिंग सेंटरला आणलं की सेक्टरचा मधला दाता बॉक्सच्या तोंडासमोर येतो आणि बाजूचं झाकण शाफ्टसकट बाहेर निघतं. वर्म (आतला स्क्रू) आणि पिस्टनची बाजू उघडायची गरज नव्हती आणि मी ती उघडलीही नाही. तिथल्या गोळ्या एकदा निखळल्या की काम भलतंच वाढतं. जे चांगलं चाललंय त्याला हात लावायचा नाही, ही वस्तादांची शिकवण.

शाफ्ट घेऊन शेजारच्या लेथवाल्याकडं गेलो. माणूस कामाचा, हात सोन्याचा. त्यानं घळ बघितली आणि म्हणाला, "भरून घेऊ. वेल्डिंग मारतो, टर्निंग करून पॉलिश करून देतो. नव्यासारखा करतो, निम्म्यात काम." तो नव्यासारखा दिसणारा करून देईल यात मला शंका नव्हती. पण हा शाफ्ट कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगची आच लागली की त्या जागेचं पाणी उतरतं, शेजारची जागा ठिसूळ होते, आणि आत बारीक चीर जन्म घेते जी डोळ्यांना दिसत नाही.

इथं एक फरक प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावा असा आहे. पॉवर स्टेअरिंगचं सगळं तेल वाहून गेलं तरी चाकं वळतात. स्टेअरिंग जड होतं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, पण कॉलमपासून चाकांपर्यंत लोखंडाची जोडणी शाबूत असते, गाडी बाजूला घेता येते. सेक्टर शाफ्ट तुटला तर ही जोडणीच संपते. स्टेअरिंग हातात गरगर फिरतं आणि चाकं त्यांना वाटेल तिकडं जातात. करूळ घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या मामांसारख्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी लेथवाल्याला म्हटलं, "दादा, पंपाचा शाफ्ट असता तर विचार केला असता. स्टेअरिंगला वेल्डिंग नको." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "खरं हाय. नवाच टाका." चांगल्या कारागिराला एकदा कारण सांगितलं की पुरतं.

नवा शाफ्ट, निडल बेअरिंग आणि सील किट आलं. यात घाई अजिबात चालत नाही अशी एक जागा असते आणि तिथंच लोक घाई करतात. शाफ्टच्या टोकाला ड्रॉप आर्मसाठी करवतीसारखे दाते असतात. सील त्यांच्यावरून सरकवावं लागतं, आणि नव्या सीलची कड त्या दात्यांवर कापली गेली की कोरं सील पहिल्याच दिवशी गळतं. म्हणून दात्यांवर पातळ टेपचा एक वेढा द्यायचा, टेपवर आणि सीलच्या कडेला एटीएफ लावायचं, सील हलक्या हातानं सरकवायचं, आणि सीलच्या मापाचा नळीचा तुकडा ठेवून सारख्या ठोक्यांनी सरळ बसवायचं. मग टेप काढायची. धुळीचं रबर नवं, आत ग्रीस भरून.

दाबाचा होज दुकानातून तारेच्या जाळीचा, जुन्या मापाचाच, टोकं दाबून आणला. पण नुसता नवा होज आणून भागत नाही. जुना ज्या ब्रॅकेटला घासून गेला तो ब्रॅकेट तिथंच होता. त्याचा मूळचा क्लॅम्प कधीतरी पडून गेला होता. क्लॅम्प बनवला, खाली रबराची पट्टी घातली, आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन होज कुठंही टेकत नाही याची खात्री केली. परतीचा पाइप तेलाला चालणाऱ्या रबराचा टाकला. युनियनखालचे तांब्याचे वॉशर नवे. टाकीतलं फिल्टर काढलं तर त्याच्यावर काळा गाळ बसलेला, तेही बदललं.

परतीचा पाइप डब्यात सोडून आतलं मिसळलेलं तेल बाहेर काढलं, नवं घालत गेलो, आणि डब्यात लाल तेल यायला लागेपर्यंत थांबलो नाही. मग हवा काढायची. पुढची चाकं घोड्यांवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं आणि टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही. टाकीत बुडबुडे येतात, हळूहळू कमी होतात, बंद होतात. त्यानंतरच इंजिन चालू करायचं आणि पुन्हा तेच करायचं. याला वेळ द्यावा लागतो. हवा आत ठेवून गाडी बाहेर काढली की पंप पुन्हा रडतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं पंपच गेला.

शेवटी झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू. स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे रिकामा खेळ, कमी करायच्या नादात तो जास्त आवळला तर स्टेअरिंग वळणावरून आपोआप परत येत नाही, ड्रायव्हरला सारखं ओढून आणावं लागतं. घाटात हे प्लेपेक्षा वाईट. नेमून दिलेल्या मापावर ठेवून लॉकनट कसला आणि फुलेवाडी, बालिंग्याच्या बाजूला ट्रायल मारून आलो. स्टेअरिंग हलकं होतं, वळणावरून परत येत होतं, पंप गप्प होता. परत आल्यावर पिटवर घेऊन पुन्हा पावडर मारली. कोरडी राहिली.

मामांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, भरल्या गाडीनं आठवड्याभरानं येऊन दाखवा. दुसरी, उभ्या गाडीत स्टेअरिंग मारू नका. डेअरीच्या आवारात जागा अरुंद असते, म्हणून भरली गाडी जागेवर ठेवून स्टेअरिंग टोकापर्यंत ओढलं जातं. तेव्हा पंप, होज, सील, शाफ्ट सगळ्यांवर पूर्ण ताण येतो. गाडी हातभर जरी सरकत असली तरी तो ताण खूप उतरतो. मी शाळेत असल्यापासून मामा गाडी चालवतायत, तरी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आठवड्यानं आले तेव्हा बॉक्स कोरडा होता. टाकीच्या टोपणाला मी एक चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधली होती: कुठलं तेल, कधी घातलं. ती अजून तिथं आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही मेस्त्रीला ती उपयोगी पडेल.

हल्लीच्या बहुतेक नव्या कारमध्ये तेलाचं स्टेअरिंग उरलेलं नाही. मोटर बसवलेली असते. ना पंप, ना होज, ना गळती. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना स्कॅनर लावायला आवडतो, आणि तो लावता आलाच पाहिजे. पण टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर, जुन्या बसगाड्या अजून तेलावरच वळतात आणि पुढची बरीच वर्षं वळत राहतील. आठ वर्षं झालेल्या धंद्याच्या गाडीला दर वर्षी पासिंग लागतं. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी खालून धुवून नेली की गळती त्या दिवसापुरती दिसत नाही, हे मला माहीत आहे आणि गाडीवाल्यांनाही. पण कागद मिळाला म्हणून शाफ्टवरची घळ भरून येत नाही. तपासणी कुणीही करो, गाडीखाली वाकून बघायची पहिली जबाबदारी ती चालवणाऱ्याची आणि तिच्यावर काम करणाऱ्याची आहे.

म्हणून जुनी गाडी चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. टाकीतलं तेल महिन्यातून एकदा बघा. ते संपत नसतं, त्यामुळं कमी झालं याचा अर्थ कुठून तरी जातंय. टोपणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घाला, हाताला सापडेल ते नको. गळती बंद करणारं म्हणून बाटलीतून मिळणारं औषध रबर काही दिवस फुगवतं, झिजलेला शाफ्ट बरा करत नाही. त्याच्या भरवशावर घाटात जाऊ नका. मेस्त्रीकडं गेलात तर गाडी धुवायला वेळ द्या आणि काढलेला जुना भाग मागून घेऊन स्वतः बघा. आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग लावू देऊ नका, कुणी फुकटात करून देतो म्हणाला तरीही.